डबा, भिंत आणि बिछाना

वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सदर्न रेल्वेचा १२०० क्रमांकाचा प्रवासी डबा आहे. पुलमन कंपनीने १९२२ मध्ये बांधलेला हा डबा १९४० मध्ये गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी असा दोन भागांत तोडण्यात आला. २०१३ मध्ये तो क्रेनने जागेवर उतरवला आणि संग्रहालयाची इमारत त्याच्याभोवती उभी राहिली. गोऱ्यांच्या भागात सामान ठेवायला फळ्या, ऐसपैस स्वच्छतागृह. काळ्यांच्या भागात फळ्या नाहीत; पेटी पायांशी घेऊन बसायचे. तिकीट घेतलेल्या माणसाला माणूस न मानण्याची ही व्यवस्था होती, आणि ती बांधकामात दिसते. प्रेक्षकाला ती मोजता येते. या प्रदर्शनाचे सामर्थ्य येथेच आहे.

पण झोपण्याच्या डब्याचे काय? अमेरिकेतील संग्रहालयांतून पुलमन पद्धतीचे शयनडबे जतन केले आहेत. सॅक्रॅमेंटोच्या रेल्वे संग्रहालयात तर अशा एका डब्यात रात्रीच्या धावत्या गाडीचे हेलकावेही बसतात. बर्थ, पडदे, पॉलिश केलेले लाकूड, सारे जागेवर. हे डबे पाहणारा म्हणतो, काय ऐश्वर्य! परंतु बर्थ उघडून चादरी अंथरणारा, रात्रभर जागून गोऱ्यांचे बूट चमकवणारा आणि सकाळी सारे पुन्हा घडी घालून ठेवणारा काळा पोर्टर डब्यावर कोणतीही खूण सोडत नाही. खूण न राहणे हेच त्याच्या कामाचे कौशल्य मानले जाई. भिंत जतन करता येते, घातलेला बिछाना जतन करता येत नाही. डबा चकचकीत करून मांडणे म्हणजे, माझ्या मते, कंपनीचेच काम पुढे चालवणे आहे.

जॉर्ज पुलमनने पोर्टर म्हणून नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना हेतुपुरस्सर नेमले. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखावे, तसे! महिन्याला ४०० तास काम, आणि पोटासाठी बक्षिशीवर अवलंबून राहणे. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी संघटना काढली. कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडले. तास २४० वर आले. या करारातले आकडे बर्थच्या शेजारी लावले तर डबा बोलू लागेल.

दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, तेव्हापासून काळ्यांचे दुःख ते आपलेच दुःख असे आपल्याकडे सहज लिहिले जाते. बंधुत्व खरे आहे. पण समीकरण मांडताना घाई नको. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी एक साधी गोष्ट सांगितली होती. अस्पृश्याला पोर्टर म्हणून नेमत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करायचे असते, आणि त्याच्या स्पर्शाने घर विटाळते. त्याच्या वाट्याला गँगमनचे काम, तेही बढतीची आशा न ठेवता.

पोर्टर हाच शब्द, आणि अर्थ उलटा. तेथे गोऱ्याला आपल्या अंथरुणाशी काळा हातच हवा होता; शेजारच्या आसनावर मात्र तो चालत नव्हता. येथे तो हात घरातल्या हंड्यालाही नको, म्हणून त्याला उन्हात रुळावर ठेवले. एकाला सेवेत कोंडले, दुसऱ्याला सेवेतूनही हाकलले. वर्ण आणि जात यांची तुलना करणाऱ्या आपल्या किती समीक्षकांनी हा फरक हाताळला आहे?

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून आहे. लोक सलूनकडे बघतात. तो ज्या रुळांवर उभा आहे त्या रुळांजवळ गँगमनविषयी एक पाटी लावायला जागा आहे. पाटीवर काय लिहावे, ते मनमाडच्या भाषणात छापील सापडेल.