बिऱ्हाड पाठीवर

दिवाळीच्या फराळाबरोबर दुष्काळाची कथा वाचकांपुढे ठेवणे कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु परभणी जिल्ह्यात दसरा-दिवाळीचा हंगाम हाच घर सोडण्याचाही हंगाम आहे. गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर या बाजूंची कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन याच सुमारास ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, पोरेबाळे, एखादे शेरडू, सारे एका गाडीत. म्हणून जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ ही अमेरिकन कादंबरी इकडे वाचणाऱ्याला परकी वाटत नाही. किंबहुना ती फार लवकर आपली वाटते, आणि तेथेच घोटाळा होतो. साम्य डोळ्यांत भरते, भेद निसटतो.

कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली, १९४० मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९६२ मध्ये लेखकाला नोबेल. कथा साधी आहे. ओक्लाहोमातील कोरड्या, धुळीने बुजलेल्या जमिनीवरून जोड नावाचे कुटुंब हुसकले जाते. जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक करतात आणि आजा-आजीपासून धाकट्या विनफील्डपर्यंत बारा माणसे, शिवाय उपदेशकी सोडलेला जिम केसी, अशी तेरा माणसे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागतात. (‘जोड’ हे आडनाव मराठी कानाला किती अर्थपूर्ण वाटते! लेखकाला त्याची गंधवार्ताही नसणार. योगायोगाचे श्रेय आपण त्याला देऊ नये.)

स्टाइनबेकच्या रचनेतला खरा धाडसाचा भाग म्हणजे मधली प्रकरणे. तीस प्रकरणांपैकी सोळांत जोड कुटुंब जवळजवळ नाहीच. तेथे धूळ आहे, जुन्या मोटारी विकणारे दलाल आहेत, रस्ता आहे, निनावी बायाबापड्यांचे आवाज आहेत. गोष्ट रंगात आली की लेखक ती थांबवतो आणि हजारो कुटुंबांकडे बोट दाखवतो. गोष्टीच्या ओढीने वाचणाऱ्याला याचा राग येतो. पहिल्या वाचनात ही पाने उलटून जाणारे पुष्कळ असतील. पण दुसऱ्यांदा वाचताना कळते की ही पाने काढली तर उरते ती एका दुर्दैवी घराची करुण कहाणी, आणि करुण कहाणीवर डोळे पुसून माणूस झोपी जातो. आपल्या ग्रामीण साहित्याने हा मार्ग फारसा चोखाळलेला नाही. आपल्याकडे कथा एका घराच्या उंबऱ्याशी घट्ट राहते. परभणीच्याच आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. गावातली माणसे जवळून पाहण्याचे आपले बळ कथेत आहे, आणि ते कमी प्रतीचे नव्हे. मात्र उंबऱ्याबाहेर येऊन सगळा रस्ता एका दृष्टीत धरणे ही निराळी विद्या आहे.

या मधल्या प्रकरणांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे तिसरे. एक कासव महामार्ग ओलांडते. एक मोटारवाली त्याला चुकवते, एक ट्रकवाला मुद्दाम धडक देतो. कासव भिंगरीसारखे फिरून उताणे पडते, मोठ्या कष्टाने पालथे होते आणि पुन्हा चालू लागते. त्याच्या पायाला अडकलेले रानओटाचे बी मातीत पडते आणि कवचाच्या घसटीने झाकलेही जाते. हे कासव म्हणजे जोड कुटुंब, असे सारेच टीकाकार सांगतात, व ते बरोबरच आहे. पण मराठी वाचकाला आणखी काही दिसावे. देवळात गाभाऱ्यासमोर कासव पाहत आपण वाढलो. कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने पोसते, ही संतवाङ्मयातली जुनी कल्पना आपल्या ओळखीची आहे. ती मनात ठेवून या कादंबरीतली आई पाहावी. खायला देण्यासारखे तिच्या हाती दिवसेंदिवस कमी होत जाते. कुटुंब एकत्र राहते ते तिच्या नजरेच्या धाकाने आणि मायेने.

या आईचा सर्वांत मोठा प्रसंग वाळवंटातला. म्हातारी आजी रात्री ट्रकमध्ये मरते. तपासणी नाक्यावर अडकून पडू नये म्हणून आई कोणाला काही सांगत नाही. प्रेताशेजारी पडून रात्र काढते आणि वाळवंट पार झाल्यावर मगच तोंड उघडते. आजोबा तर त्याआधीच, प्रवासाच्या पहिल्याच मुक्कामी गेलेले. जमीन सोडणार नाही म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला गुंगीचे औषध पाजून गाडीत घालावे लागले होते. येथेच मी म्हणतो तो भेद आहे. आपल्याकडचा ऊसतोड्या म्हाताऱ्यांना गावी ठेवून जातो आणि पाडव्याच्या आगेमागे, हंगाम संपला की परततो. त्याचे गाव शाबूत आहे. जोडांचे घर ट्रॅक्टरने पाडलेले. उलट, जोडांना कोणी उचल देत नाही. त्यांच्या हाती असते नुसते छापील जाहिरातपत्रक: मालकाला माणसे हवीत आठशे, तो पत्रके काढतो पाच हजार, वाचतात वीस हजार! तेथला मजूर मोकळा आहे आणि कोणालाच नको आहे. आपला मजूर हवा आहे, पण कर्जाने बांधलेला.

ट्रॅक्टरवर शेजाऱ्याचाच मुलगा असतो, रोजच्या तीन डॉलरांसाठी. कुळ विचारते, मग गोळी घालू तरी कोणाला? बँकेला पूर्वेकडून हुकूम येतो, म्हणे. सुप्याच्या शेतकऱ्यांना १८७५ साली हा पेच नव्हता. सावकार समोर होता, त्याची खतपत्रेही. बिनचेहऱ्याच्या मालकाची भीती स्टाइनबेकइतकी साध्या संवादातून फार थोड्यांनी उभी केली असेल.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नव्हे. केसीची भाषणे कंटाळवाणी होतात; त्याच्या नावाची आद्याक्षरे येशूशी जुळवणे तर शाळकरी वाटते. मळेवाल्यांना चेहराच नाही, आणि कॅलिफोर्नियात आधीपासून राबणारे मेक्सिकन व फिलिपिनो मजूर नावापुरते येऊन जातात.

शेवटाबद्दल मात्र लेखकाची बाजू घ्यावीशी वाटते. पूर येतो. रोझ ऑफ शेरनला मेलेले मूल होते, आणि जॉनकाका ते सफरचंदाच्या खोक्यात घालून पाण्यावर सोडतो. पाश्चात्त्य वाचकाला मोझेस आठवतो, आपल्याला कर्ण. पण ती दोन्ही बाळे जगली, हे मेलेलेच निघाले आहे, जगाला निरोप सांगायला. मग उंचावरच्या एका कोठारात, उपासमारीने मरायला टेकलेल्या परक्या माणसाला ती आपले दूध पाजते. प्रकाशकाकडून सूचना आली होती की हा माणूस वाचकाच्या आधीपासून ओळखीचा करावा. स्टाइनबेकने साफ नकार दिला: तो अनोळखीच हवा. ओळखीचा असता तर आई जपत आली ते घर थोडे मोठे झाले असते, एवढेच. तो कोण, कुठला, हे रोझ ऑफ शेरन विचारीत नाही, आणि लेखकही सांगत नाही.