एका वर्गणीची पत्रे

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे अध्याय आपल्याकडे बहुधा मिशन रविवारच्या प्रवचनापुरतेच उघडले जातात. संतोषाने देणाऱ्याविषयीचे त्यातील वचन तेवढे उचलले जाते, दानाची थैली फिरते आणि ग्रंथ मिटतो. या अध्यायांकडे लेखन म्हणून पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. वास्तविक, एका स्थानिक ख्रिस्तसभेने दूरच्या गरजूंसाठी हात पुढे करावा म्हणून केलेल्या आवाहनाचा इतका जुना आणि इतका विस्तृत ख्रिस्ती नमुना दुसरा नाही. आणि माझ्या मते, इतका अवघडलेलाही नाही.

हे अवघडलेपण कोठून आले ते समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. यरुशलेमच्या ख्रिस्तसभेतील गरिबांची आठवण ठेवावी, असे तेथील प्रमुखांनी पौलाला सांगितले होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच ते नमूद करतो. त्याप्रमाणे गलतिया, मासेदोनिया आणि अखया या प्रांतांत त्याने वर्गणी सुरू केली. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, ही सूचना त्याने करिंथकरांना पहिल्याच पत्रात दिली होती. करिंथकरांनी उत्साहाने आरंभ केला आणि मग काम रेंगाळले. मधल्या काळात पौल आणि ते यांच्यात कडू वितुष्ट आले. स्वतःच्या निर्वाहासाठी त्याने त्यांच्याकडून काही घेतले नाही, याचाही त्यांना राग होता. उलट, या वर्गणीच्या आडून तो आपल्याला लुबाडतो आहे, असा संशयही व्यक्त झालेला दिसतो. अशा लोकांना, नुकताच समेट झालेला असताना, इ. स. 55-56 च्या सुमारास पुन्हा पैशांविषयी लिहायचे होते. (हे दोन अध्याय मुळात दोन स्वतंत्र पत्रे असावीत, असे हान्स डिटर बेट्झ यांनी 1985 च्या आपल्या भाष्यात मांडले. ते मान्य केले तरी माझ्या विवेचनात फारसा फरक पडत नाही.)

या दोन्ही अध्यायांत पैसा या अर्थाचा शब्द एकदाही येत नाही. त्याऐवजी सेवा, सहभागिता, आशीर्वाद असे शब्द येतात आणि सर्वांत अधिक येतो तो ‘खारिस’ हा ग्रीक शब्द, एकूण दहा वेळा. अनुवादात नेमके हेच हरवते. ग्रीकमध्ये या एका शब्दात कृपा, अनुग्रह, देणगी आणि आभार हे सारे अर्थ सामावतात. मराठीत त्यासाठी आपल्याला तीन-चार शब्द वापरावे लागतात आणि धागा तुटतो. मूळ वाचताना मात्र दिसते, की आठव्या अध्यायाच्या प्रारंभी ‘खारिस’ ही देवाने मासेदोनियातील मंडळ्यांना दिलेली कृपा आहे, नवव्याच्या अखेरीस ती देवाला अर्पिलेली कृतज्ञता आहे, आणि करिंथकरांची रक्कम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. दाता येथे उगमस्थानी नाहीच. कोणी म्हणेल, हा पैसा मागणाऱ्याचा संकोच आहे. संकोच आहेच, पण त्या संकोचातूनच एक सिद्धान्त आकाराला आला आहे.

आता आपल्या स्मरणिका पाहा. धर्मग्रामाच्या रौप्य वा सुवर्ण महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या पुस्तिका हा आपल्या समाजाचा एक वाङ्मयप्रकारच झाला आहे, आणि त्यांची भाषा कोणी तपासत नाही. त्यांत ‘दानशूर’, ‘उदार हस्ते’, ‘सढळ हाताने’ हे शब्द पानोपानी भेटतात. दानशूर म्हटले की आपल्या कानाला कर्ण ऐकू येतो, म्हणजे दान हा एका वीराचा पराक्रम ठरतो. ज्यांच्यासाठी दान केले ते वारली पाड्यावरचे विद्यार्थी, कुष्ठरोगी, विधवा छायाचित्रात रांगेने उभे असतात. त्यांना नाव नसते. दात्याचे नाव मात्र आडनावासह, कधी मयत मातापित्यांच्या नावांसह छापलेले असते. माझ्या वाचनातील अशा कितीतरी स्मरणिकांपैकी एकीतही पाड्यावरच्या लोकांनी चर्चला काय दिले याची नोंद नव्हती. त्यांनी काहीच दिले नसेल, यावर निदान कोणा धर्मगुरूचा विश्वास बसणार नाही.

पौलाची यादी उलट्या बाजूने सुरू होते. बंदरावर वसलेल्या, व्यापाराने भरभराटलेल्या करिंथ शहरासमोर तो दाते म्हणून कोणाला उभे करतो? मासेदोनियातील ख्रिस्ती जनांना, ज्यांचे दारिद्र्य पराकोटीचे होते आणि ज्यांच्यावर संकट कोसळलेले होते. त्यांनी ऐपतीपलीकडे दिले, इतकेच नव्हे, तर या कार्यात आपल्यालाही सहभागी होऊ द्या म्हणून आर्जव केले. देण्याची परवानगी मागणारा गरीब आपल्या धर्मादाय लेखनात मला अद्याप भेटलेला नाही.

अर्थात पौलाचे लेखन निर्दोष आहे असे नव्हे. करिंथकरांपुढे तो मासेदोनियाची वाखाणणी करतो आणि मासेदोनियात करिंथकरांची बढाई मारून आल्याचे सांगतो. तेथील लोक माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी नसली, तर आपली सर्वांचीच फजिती होईल, अशी धास्तीही घालतो. ही वर्गशिक्षकाची युक्ती आहे. आपल्या आळीआळींमध्ये निधीसंकलनाची चढाओढ लावणारी समिती हेच करते. आज्ञा करत नाही, असे म्हणत म्हणत तो बरेच रेटतो. मूळ ग्रीक वाक्येही येथे जागोजागी अडखळतात, अर्ध्यावर वळण घेतात. मला ती वाक्ये प्रिय आहेत. पैसे मागताना ज्याचे व्याकरण कधीच बिघडत नाही, त्या लेखकाविषयी मी साशंक असतो.

परंतु हिशेबाच्या बाबतीत तो अडखळत नाही. एवढी मोठी रक्कम हाताळताना आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून तो तीताबरोबर आणखी दोघा बंधूंना पाठवतो. त्यांपैकी एक मंडळ्यांनी निवडून दिलेला आहे. देवासमोर प्रामाणिक असणे त्याला पुरत नाही, माणसांसमोरही ते दिसायला हवे. आध्यात्मिक कार्याचा हिशेब विचारणे म्हणजे अश्रद्धा, असा सूर आपल्या संस्थांच्या अहवालांत अधूनमधून लागतो. त्याला आधार शोधायचा तर तो या पत्रात मिळणार नाही.

मग येते समानतेची कल्पना. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची तुमची; आणि दाखला मान्नाचा, ज्यात अधिक गोळा करणाऱ्याला अधिक उरले नाही. घेणारा हा उद्याचा देणारा आहे, हे एकदा लिहिले की त्याचे छायाचित्र रांगेत उभे करून काढता येत नाही.

यापुढचा भाग दुसऱ्या पत्रात आहे. काही काळाने, अखयाचीही वर्गणी जमल्यावर, पौल रोमकरांना लिहितो आणि त्यांच्याकडे एक विलक्षण प्रार्थना मागतो: ही सेवा यरुशलेमच्या पवित्र जनांना मान्य व्हावी. म्हणजे ते नाकारू शकत होते! यहुदीतर मंडळ्यांचा पैसा घेणे म्हणजे त्यांना भाऊ मानणे, आणि त्यास तेथे सारेच राजी नव्हते. घेणाऱ्याच्या नकाराची भीती वाटणारा दाता आपण पाहिला आहे काय? आपण देतो तेव्हा स्वीकार गृहीतच धरलेला असतो.

प्रेषितांच्या कृत्यांत लूक या प्रवासातील सात सोबत्यांची नावे देतो. बिरुयाचा आहे, थेस्सलनीकाचे आहेत, आशियाचे आहेत. करिंथचा म्हणून एकही नाही. वर्गणीचा तर तेथे उल्लेखच नाही. यरुशलेमच्या बांधवांनी आनंदाने स्वागत केले, एवढे तो सांगतो. पुढे त्या सातांपैकी त्रफिम या इफिसकराला पौलाने मंदिरात नेले, असा समज होऊन दंगल उसळते आणि पौल कैद होतो. पैशांचे काय झाले, ते स्वीकारले गेले की परतवले गेले, याविषयी लूक मौन पाळतो. सुभेदार फेलिक्ससमोरील जबानीत, आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, असे पौल ओझरते बोलून जातो, तेवढेच.