व्याधी, श्रद्धा आणि विनोद : फ्लॅनरी ओ'कॉनर यांची पत्रे व 'द एन्ड्युअरिंग चिल'

दीर्घकालीन व्याधीच्या अनुभवातून जन्मलेल्या ख्रिस्ती भक्तिपर लेखनाची परंपरा प्राचीन आहे. ईयोबाचा ग्रंथ, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने केलेला देहातील काट्याचा उल्लेख, जॉन डन यांनी आजारपणातून उठल्यावर १६२४ मध्ये प्रसिद्ध केलेले गद्यचिंतन, अशी तिची ठळक स्थाने सांगता येतात. पुढे या परंपरेचा एक ठरीव साचा बनला. आजार येतो, मन खचते, एखादे शास्त्रवचन हाती लागते, मन शांत होते आणि वाचकास धीर दिला जातो. या साच्यातील लेखन अप्रामाणिक असते असे नव्हे. परंतु आजाराच्या पहिल्या वर्षी लिहिलेले आणि बाराव्या वर्षी लिहिलेले यांत त्यात फारसा फरक आढळत नाही, ही त्याची मर्यादा होय. अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर (१९२५-१९६४) यांचे लेखन या परंपरेत राहूनही साचा नाकारते. ते कसे, याचा शोध त्यांची पत्रे व 'द एन्ड्युअरिंग चिल' ही कथा यांच्या आधारे घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ओ'कॉनर यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. प्रॉटेस्टंटबहुल दक्षिणेत हे घराणे अल्पसंख्यच होते. त्यांचे वडील १९४१ मध्ये ल्यूपस या विकाराने निवर्तले. त्या वेळी त्या पंधरा वर्षांच्या होत्या. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या अवयवांवर उलटते, असे या विकाराचे स्वरूप आहे. आयोवा विद्यापीठातील लेखनशिक्षण पूर्ण करून ओ'कॉनर ईशान्येकडे स्थिरावू पाहत होत्या. १९५० च्या डिसेंबरमध्ये नाताळासाठी घरी येत असता त्या गंभीर आजारी पडल्या आणि पुढील वर्षी ल्यूपसचे निदान झाले. हे निदान मात्र त्यांना सांगण्यात आले नाही. हा संधिवात आहे अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. १९५२ च्या उन्हाळ्यात सॅली फिट्झजेराल्ड या मैत्रिणीने सत्य सांगितले, तेव्हा ओ'कॉनर यांनी तिचे आभार मानले. रुग्णापासून रोगाचे नाव लपविण्याची रीत आपल्याकडील घरांनाही अपरिचित नाही, आणि त्यामागे बहुधा मायाच असते. ओ'कॉनर यांच्या लेखनात मायेविषयी जो एक सावध संशय सर्वत्र जाणवतो, त्याच्याशी या प्रसंगाचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो जोडला नाही तरी हरकत नाही. एवढे खरे की यापुढे त्यांनी स्वतःच्या प्रकृतीविषयी कोणतीही गोष्ट मऊ शब्दांत मांडली नाही.

मिलेजव्हिल गावाबाहेरील 'अँडलूझिया' या आईच्या दुग्धशाळेच्या शेतावर त्यांची अखेरची तेरा वर्षे गेली. जिना चढणे अशक्य झाल्याने तळमजल्यावरची खोली, सकाळी गावातील चर्चमध्ये मिस्सा, त्यानंतर दोन-तीन तास लेखन, दुपारी विश्रांती, अंगणात मोर. एसीटीएच हे संप्रेरक व पुढे स्टिरॉइड औषधे यांनी प्राण वाचविले, पण हाडे ठिसूळ केली. १९५५ पासून कुबड्या आल्या. 'वाइज ब्लड' (१९५२) व 'द व्हायलंट बेअर इट अवे' (१९६०) या दोन कादंबऱ्या आणि बहुतेक महत्त्वाच्या कथा या काळात पूर्ण अथवा प्रसिद्ध झाल्या.

सॅली फिट्झजेराल्ड यांनी संपादित केलेला पत्रसंग्रह 'द हॅबिट ऑफ बीइंग' १९७९ मध्ये प्रकाशित झाला आणि ओ'कॉनर यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर क्रूर आणि विद्रूप पात्रांची कथाकार म्हणून ओळखली जाणारी लेखिका आता एकाएकी सोशिकतेची आदर्श मूर्ती झाली. हा दुसरा ग्रहही पहिल्याइतकाच अपुरा आहे. पत्रे क्रमाने वाचली असता प्रथम जाणवते ते आजाराचे अल्प प्रमाण. औषधाची मात्रा, रक्ततपासणी, कुबड्यांशी चाललेली झटापट यांचे उल्लेख येतात, पण ते पिकाच्या किंवा गड्याच्या बातमीसारखे, एखाद्या विनोदाच्या पाठीवर बसून येतात. लगेच विषय पालटतो आणि पुस्तकांविषयीची चर्चा सुरू होते. लिहिण्यापुरती शक्ती उरली आहे आणि लिहिण्यावाचून दुसरे काही करायचे नाही, तेव्हा डोळे किंचित किलकिले केले तर याला वरदानही म्हणता येईल, अशा आशयाचे त्या १९५३ मध्ये कळवितात. या विधानातील किलकिले डोळे महत्त्वाचे आहेत. आजार हे वरदान आहे असे त्या म्हणत नाहीत. विशिष्ट कोनातून, थोडी खटपट करून, तसे पाहता येते, एवढेच म्हणतात. भक्तिपर संकलनांत हे डोळे गळतात आणि वरदान तेवढे राहते.

'ए' या अक्षराने निर्देशिलेल्या पत्रमैत्रिणीस १९५६ मध्ये लिहिलेल्या एका पत्राचेही असेच झाले आहे. आजार हे एक ठिकाण आहे, तेथे सोबतीस कोणी येऊ शकत नाही, आणि मृत्यूपूर्वी ते वाट्याला येणे ही ईश्वराची दयाच होय, असा विचार तेथे मांडलेला आहे. सुटा केला की तो सर्व रुग्णांना उद्देशून केलेला उपदेश वाटतो. पत्रात तो स्वतःच्या देहापुरता, प्रवास न घडलेल्या व्यक्तीने आपल्या एकमेव दूरच्या प्रवासाचे वर्णन करावे तशा सुरात येतो. यातील 'दया' या शब्दाला ऊब नाही, आणि ती नसणे हेच त्याचे बळ आहे. ज्याला खरोखर एकट्याने त्या ठिकाणी जावे लागले आहे, त्याला या थंड शब्दाने जो धीर मिळतो तो गोड शब्दाने मिळत नसावा.

१९५८ च्या वसंतातील लूर्द यात्रेचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. एका वृद्ध नातलग स्त्रीच्या आग्रहावरून व खर्चाने त्या आईसह तेथे गेल्या. धर्मासाठी मरणे एक वेळ जमेल, पण त्यासाठी स्नान करणे जमायचे नाही, अशा अर्थाची थट्टा त्यांनी आधीच करून ठेवली होती. अखेरीस मैत्रिणीच्या भिडेखातर त्या कुंडात उतरल्या. असंख्य रुग्ण एकाच पाण्यात उतरूनही तेथे साथ कशी पसरत नाही, हाच खरा चमत्कार, असे त्यांचे निरीक्षण आहे. हाडांसाठी नव्हे, अपुऱ्या कादंबरीसाठी आपण प्रार्थना केली, असेही त्या कळवितात. त्याच वर्षी पुढे कमरेच्या हाडात सुधारणा दिसली. ती त्यांनी नाकारली नाही आणि तिचा डांगोराही पिटला नाही. १९६० च्या अखेरीस तीच हाडे पुन्हा झिजत असल्याचे आढळले. यात्रेचे श्रेय मागे घेतल्याचे पत्रांत कोठे दिसत नाही, कारण मुळात हिशेब मांडलेलाच नव्हता.

'द एन्ड्युअरिंग चिल' ही कथा याच १९५८ साली प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा भाव 'न सरणारी हुडहुडी' असा सांगता येईल. पंचवीस वर्षांचा ॲस्बरी फॉक्स न्यूयॉर्कहून दक्षिणेतील आपल्या गावी मरण्यासाठी परततो. त्याच्या हातून लेखन झालेले नाही. आता निदान मरण तरी अर्थपूर्ण व्हावे अशी त्याची धडपड आहे. आपल्या अपयशाचे खापर आईवर फोडणारे, काफ्का यांच्या वडिलांना लिहिलेल्या पत्राची आठवण करून देणारे दोन वह्यांचे पत्र त्याने लिहून ठेवले आहे. आईला ते आपल्या मृत्यूनंतर वाचावे लागेल, या कल्पनेत तो रमतो. गावचे डॉक्टर ब्लॉक त्याच्या दृष्टीने अडाणी. न्यूयॉर्कमध्ये वेदान्तावरील एका व्याख्यानात त्याला एक मितभाषी, सुसंस्कृत जेझुइट भेटला होता. त्याच प्रकारचा धर्मगुरू मृत्युशय्येशी असावा म्हणून तो हट्टाने एक जेझुइट बोलावून घेतो. (वेदान्ताचा हा उल्लेख भारतीय वाचकाला सुखावणारा नाही, न्यूयॉर्कच्या बैठकींतील एक फॅशन एवढेच त्याचे येथे मोल आहे.) येतात ते फादर फिन, एका डोळ्याने आंधळे, एका कानाने बहिरे. साहित्याविषयी बोलू पाहणाऱ्या तरुणाला ते धर्मशिक्षणाच्या वर्गातील पोराला विचारावे तसे प्रश्न विचारतात. तुला कोणी निर्माण केले? रोज प्रार्थना करतोस काय? उत्तरे येत नाहीत असे पाहून ते त्याला चक्क रागे भरतात.

हा प्रसंग कमालीचा विनोदी आहे, आणि कथेतील धर्मश्रद्धेचा सर्व भार या हास्यास्पद म्हाताऱ्यावर टाकलेला आहे. ॲस्बरीला जे हवे आहे ते सूक्ष्म, उच्च अभिरुचीचे सांत्वन. त्याला मिळते ती प्रश्नोत्तरी. मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील श्रद्धेची आठवण व्हावी. तेथेही धर्म हा स्वयंपाकघरातील गोंधळासकट येतो आणि हसण्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. अर्थात लक्ष्मीबाईंच्या हसण्यात जी माया आहे ती ओ'कॉनर यांच्याकडे शोधू नये.

कथेचा शेवट निदानाने होतो. अडाणी ठरविलेल्या डॉक्टरांनीच रोग ओळखला आहे. तो आहे ब्रुसेलोसिस, न तापविलेल्या दुधातून होणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा ताप. तो जीव घेणार नाही, पण येत राहील. हे दूध ॲस्बरी प्याला ते आईचा नियम मोडण्यासाठी. दुग्धशाळेतील कृष्णवर्णीय गड्यांशी आपली समरसता सिद्ध करण्याच्या भरात. ते गडी मात्र त्या दुधाला शिवले नव्हते. मरणाचा भव्य प्रवेश रद्द होतो आणि समोर उभे राहते ते आईच्या घरातले लांबलचक, दुखणाईत आयुष्य. त्याच क्षणी, लहानपणापासून छतावर दिसत आलेला पाण्याच्या डागाचा पक्षी खाली उतरू लागतो. पवित्र आत्म्याचे हे अवतरण अग्नीचे नाही, बर्फाचे आहे.

समीक्षकांनी या शेवटावर तो ओढून आणलेला असल्याचा आक्षेप घेता येण्याजोगा आहे, आणि प्रतीकाचा ठळकपणा पाहता तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि कथेची मूळ कल्पना विलक्षण अचूक आहे. मृत्यू हा ॲस्बरीचा आश्रय होता. कृपा येते ती चिरव्याधीच्या रूपाने. जगणे, औषधे घेणे, आईचा सहवास सोसणे, ताप आला की झोपणे, उतरला की उठणे, यांतून आता सुटका नाही. स्वतः आईच्या दुग्धशाळेवर, स्वतःच्या इच्छेविरुद्ध परतलेल्या लेखिकेने हे लिहिले आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही ॲस्बरी म्हणजे ओ'कॉनर हे समीकरण मांडणे घाईचे होईल. आपण जे होऊ शकलो असतो आणि कष्टाने झालो नाही, त्याचे ते व्यंगचित्र आहे असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या कल्पनेला पुढे त्यांना तेयार द शार्दें यांच्या लेखनात नाव सापडले. माणसाच्या इच्छेबाहेर त्याच्या वाट्याला येणारी घट, अशी ती संज्ञा आहे. मराठी भक्तिपरंपरेतील 'भोग' हा शब्द तिच्या जवळ जातो, पण दोन बाबतींत वेगळा पडतो. भोगामागे पूर्वसंचिताचा हिशेब गृहीत असतो; येथे तो नाही. दुसरे असे की, तेयार यांच्या मते ही घट स्वीकारण्यापूर्वी सर्व शक्तीनिशी तिचा प्रतिकार करणे हेही ईश्वराचेच काम असते. डॉक्टरांच्या सूचना काटेकोर पाळणारी आणि तरीही बरे होण्याची अट श्रद्धेला न घालणारी ओ'कॉनर यांची वृत्ती या दोन टप्प्यांनी उलगडते. शरणागती आणि हातपाय गाळणे यांत गल्लत करणाऱ्या धार्मिक समुपदेशनाने हा भेद मुद्दाम ध्यानी घ्यावा.

त्यांचा प्रत्येक विचार मात्र सारखाच पटणारा नाही. अटलांटा येथील कर्करोग्यांच्या मोफत शुश्रूषागृहात बारा वर्षांची होऊन वारलेल्या एका मुलीविषयी तेथील जोगिणींनी लिहिलेल्या पुस्तकाला ओ'कॉनर यांनी १९६१ मध्ये प्रस्तावना जोडली. तीत, श्रद्धेपासून तुटलेली कोमलता अंती छळछावण्यांपाशी पोहोचते, असा युक्तिवाद आहे. भावविवशतेविषयीचा इशारा म्हणून तो मार्मिक आहे. इतिहास म्हणून तो टिकत नाही. श्रद्धेचा दावा न करणाऱ्या कोमलतेनेही रुग्णालये उभारली आहेत, आणि श्रद्धेच्या नावाने क्रौर्यही घडले आहे. श्रद्धेने त्यांची दृष्टी सर्वत्र निर्मळ केली असेही नाही. कृष्णवर्णीयांविषयी खासगी पत्रांतून त्यांनी काढलेल्या उद्गारांवरून वाद झाला आणि २०२० मध्ये मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले त्यांचे नाव काढले. दूध नाकारणाऱ्या गड्यांचे शहाणपण कथेत जिने इतके नेमके टिपले, तिचीच ही पत्रे आहेत. आजाराने माणूस आपोआप उदार होतो, या समजुतीला येथे उत्तर मिळते.

१९६४ च्या फेब्रुवारीत झालेल्या एका शस्त्रक्रियेनंतर ल्यूपस पुन्हा उसळला. रुग्णालयात लिहिण्यास मनाई होईल या भीतीने त्या हस्तलिखित उशीखाली ठेवीत. जुलैमध्ये त्यांनी आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार घेतला. याच सुमारास एका पत्रमैत्रिणीस त्यांनी देवदूत राफाएल याची, आपण वर्षानुवर्षे म्हणत आलेली प्रार्थना पाठविली. राफाएल हा परंपरेने आरोग्यदाता मानला जातो. पण या प्रार्थनेतील मुख्य याचना आरोग्याची नाही, ज्यांची आपण वाट पाहत आहोत त्यांच्याकडे वाटेत सांभाळून नेण्याची आहे. त्या दिवसांत त्या 'पार्कर्स बॅक' पुरी करीत होत्या आणि १९४६ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या पहिल्या कथेला 'जजमेंट डे' या नावाने नवे रूप देत होत्या. ३ ऑगस्ट १९६४ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन्ही कथा पुढील वर्षी निघालेल्या मरणोत्तर संग्रहात समाविष्ट झाल्या.