शिपाई : एका शब्दाची पदावनती

सैन्याविषयीचा समाजाचा आदर ओसरत चालला आहे, सैनिकी परंपरेतील शिस्त, निष्ठा आणि त्याग ही मूल्ये नव्या पिढीला परकी झाली आहेत, अशी खंत अधूनमधून व्यक्त होत असते. ही खंत बहुधा सभा-समारंभांतील भाषणांच्या पातळीवरच राहते. तिचा विचार वाङ्मयीन समीक्षेच्या अंगाने होणे आवश्यक आहे, असे सुचवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भाषणात आदर दाखवणे सोपे असते. भाषेच्या रोजच्या वापरात तो टिकवणे कठीण. म्हणून एखाद्या समाजाने कोणाचा किती मान ठेवला याचा शोध घ्यायचा तर त्याच्या शब्दांकडे आणि त्या शब्दांनी घडलेल्या साहित्याकडे वळावे लागते.

मराठीतील सैनिकी शब्दांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. ‘शिपाई’ हा मूळचा लढवय्या. पुढे तो कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसून साहेबाच्या घंटीची वाट पाहणारा झाला. शिवकालीन व्यवस्थेत ‘हवालदार’ हा गडाचा एक मुख्य अधिकारी होता. आज सामान्य मराठी माणसाला हवालदार म्हटल्यावर चौकातला पोलीस आठवतो. ‘जमादार’ ही भारतीय सैन्यातील हुद्द्याची संज्ञा १९६५ पर्यंत होती. शहरी वापरात मात्र तो शब्द कधीच झाडूवाल्याकडे गेला होता. ‘पलटण’ आता पोराबाळांची असते. ‘गारदी’ हे पानिपतावर कवायती शिस्तीने लढलेले पायदळ. भाषेने त्यांच्यापैकी फक्त १७७३ साली नारायणरावाचा खून करणारे लक्षात ठेवले. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ म्हणजे लष्कराची सेवा करणे असा अर्थ कोणीही घेत नाही; नसती उठाठेव हाच त्याचा अर्थ.

एक शब्द तेवढा वर चढला, तो म्हणजे ‘पाईक’. पायी लढणारा साधा सैनिक असा त्याचा अर्थ. तुकोबांनी पाइकावर अभंगांचे एक स्वतंत्र प्रकरणच रचले आणि देवाशी एकनिष्ठ राहणाऱ्या भक्ताला पाइकाची उपमा दिली. ते अभंग शिवाजी महाराजांच्या सैनिकांना उद्देशून असल्याचे परंपरा मानते. ते तसे असोत वा नसोत, धन्यासाठी जिवावर उदार होणारा माणूस हा भक्तीच्या सर्वोच्च अवस्थेचे प्रतीक होऊ शकतो, असे सतराव्या शतकातील या मराठी कवीला वाटले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. परंतु या बढतीचीही किंमत पडली. पाईक भक्त झाला, पुढे विचारांचा आणि पक्षाचा अनुयायी झाला. लढणाऱ्या माणसासाठी तो शब्द उरलाच नाही. ‘सैनिक’ या शब्दाचेही तसेच झाले. १९२७ च्या समता सैनिक दलापासून १९६६ नंतरच्या शिवसैनिकापर्यंत तो संघटनांच्या कार्यकर्त्यांना मिळाला. परिणामी सीमेवरच्या माणसासाठी बोलताना आपण ‘जवान’, ‘फौजी’ किंवा ‘मिलिटरीवाला’ असे बाहेरून आलेले शब्द वापरतो. ‘जवान’ हा शब्द वय सांगतो, कसब सांगत नाही.

ही पदावनती केव्हा आणि का झाली, याचे उत्तर शोधण्यास नागपूरच्या सीताबर्डीइतके उपयुक्त स्थळ नाही. या टेकड्यांवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुलनेने फारच लहान तुकडी यांच्यात लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने सर्वांत चिवटपणे लढले ते अरब. लहान टेकडी त्यांनी काही काळ जिंकलीही होती. कंपनीच्या बाजूने लढणारे बहुसंख्य सैनिक मद्रास पलटणींचे शिपाई होते, आणि लढाईचे पारडे फिरवले ते बंगालच्या घोडदळाने. त्या मद्रास पलटणींपैकी एकीने १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर आपला जुना मानाचा क्रमांक गमावला होता; सीताबर्डीच्या पराक्रमाबद्दल तो तिला परत मिळाला. पराक्रमाची बक्षिसी कोणती, तर पलटणीचा आकडा. आजच्या वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. त्या शिपायांना ते तसे वाटले नाही.

येथे ‘सैनिकी परंपरेतील मूल्ये’ या शब्दप्रयोगाची कसोटी लागते. सीताबर्डीवर दोन्ही बाजूंना शौर्य होते, शिस्त होती, मरणाची तयारी होती. परंतु आज ज्याला आपण राष्ट्रनिष्ठा म्हणतो ती दोहोंपैकी कोणत्याही बाजूच्या शिपायाला ठाऊक नव्हती. त्यांचे मूल्य होते खाल्ल्या मिठाला जागण्याचे. अरब भोसल्यांच्या मिठाला जागले, मद्रासी कंपनीच्या. परंपरेची हाक देणाऱ्यांनी हे मूल्य नीट ओळखले पाहिजे, कारण विसाव्या शतकातील राष्ट्रवादाने त्याचाच सर्वाधिक संशय घेतला. परक्या सरकारचे मीठ खाणारा शिपाई हा राष्ट्रीय चळवळीतील सुशिक्षिताला आपला वाटणे कठीण होते. त्याने आदर ठेवला तो इतिहासातल्या वीराचा. समकालीन शिपायाला त्याने चाकर मानले. शब्दाची पदावनती घडली ती या फटीत. सत्ता परक्यांची झाली, शिपाई तिचा हुजऱ्या झाला, आणि कचेरीच्या दारातील माणसाला तेच नाव देताना भाषेला काही खटकले नाही.

तथापि हा सर्व मराठी समाजाचा अनुभव नव्हता. सीताबर्डीनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा कोरेगावची लढाई झाली. तेथील स्तंभावर ‘नाक’ प्रत्यय लागलेली जी नावे कोरली गेली ती गावगाड्याने कोठेही कोरली नसती. ज्या माणसाची सावली गावाला चालत नव्हती त्याला पलटणीत हुद्दा मिळाला, निवृत्तिवेतन मिळाले आणि मुलांसाठी छावणीतील शाळा मिळाली. सैन्यातून १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हे अस्पृश्यांच्या जागृतीचे आद्य प्रवक्ते ठरले, आणि सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी महूच्या छावणीत १८९१ साली भीमरावांचा जन्म झाला. त्याच दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. १९१७ मध्ये उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. डॉ. आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली ती या संदर्भात पाहिली पाहिजे.

आता या दोन रणभूमींची तुलना करावी. कोरेगावला दरवर्षी लाखोंचा समुदाय लोटतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिवशी सामान्यांना खुला होतो. एरवी टेकडीच्या पायथ्याशी गणपतीच्या दर्शनाची रांग असते आणि पलीकडे बाजार. दोन्ही ठिकाणी एतद्देशीय शिपायांनी कंपनीसाठी रक्त सांडले. मग एकाचे तीर्थ झाले आणि दुसऱ्याचे केवळ ठिकाण राहिले, असे का? कारण कोरेगावच्या शिपायाला वारस मिळाले. त्याच्या शिपाईपणाला माणूसपणाचा अर्थ देणारे वाचक त्याला मिळाले. त्या अर्थाविषयी वाद आहेत, आणि ते राहतील; परंतु आदर निर्माण होतो तो अशा अर्थनिर्णयातून. शौर्य आपोआप स्मरणात राहत नाही.

मराठी साहित्याने हे अर्थनिर्णयाचे काम कितपत केले? तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यापासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’पर्यंत, आणि पुढे कुसुमाग्रजांनी प्रतापराव गुजरांवर लिहिलेल्या कवितेपर्यंत एक उज्ज्वल वीरपरंपरा आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिचा नायक सरदार आहे. त्याच्या मागे दोर धरून चढलेल्या माणसांची संख्या आपल्याला ठाऊक असते, चेहरे नसतात. दुसऱ्या टोकाला लोकनाट्य आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधील हवालदार, दादा कोंडके यांनी अजरामर केलेला, हा सत्तेची वस्त्रे फेडणारा विनोदी नायक आहे, त्याच्या गणवेशाला प्रेक्षक मनसोक्त हसले. त्या हसण्यात गैर काहीच नव्हते. वगातील शिपाई हा राजसत्तेच्या पोकळपणाची खूणच असतो. मात्र वरती सरदार आणि खालती सोंगाड्या, यांच्या मधली जागा रिकामी राहिली, हे आपल्या साहित्यव्यवहाराचे वैगुण्य आहे.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांपैकी एक. तिच्या शीर्षकात युद्धभूमी आहे, पण तिचे कथानक घडते निर्वासित ज्यूंना घेऊन निघालेल्या बोटीवर. युद्धाचा अर्थ बेडेकरांनी अत्यंत सखोलपणे जाणला. त्यांची निवड कलादृष्ट्या निर्विवाद आहे. प्रश्न इतर लेखकांचा आहे. दोन महायुद्धांत मराठी मुलखातील माणसे मेसोपोटेमियापासून इटलीपर्यंत लढली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि ‘मिलिटरी’ हा शब्द आपल्या नावातच घेतला. यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीत, मरणोत्तर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या अनुभवाचे पडसाद मराठी कादंबरीत फारसे उमटले नाहीत. लिहिणारा वर्ग आणि लढणारा वर्ग यांच्यातील अंतर हे त्याचे उघड कारण आहे. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) रसद, भूक आणि फौजेबरोबर फरफटणारा बुणगा यांना जागा दिली, म्हणून ती कादंबरी पराभवाची असूनही वाचकाने आपलीशी केली. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ च्या पराभवावरील आपल्या ग्रंथाला ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ असे नाव दिले आणि ती गोष्ट सांगितली. सेनाधिकाऱ्याने आपल्या सैन्याच्या पराभवाची चिकित्सा करणे यात अनादर आहे, असे कोण म्हणेल?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ या वर्षी मराठी समाजाने सैन्यावर जे प्रेम केले, समरगीते गायली, दागिने उतरवून दिले, तो आदर नव्हता काय? तो निश्चितच भावनेचा खरा उमाळा होता. परंतु उमाळा युद्धाबरोबर येतो आणि युद्धाबरोबर जातो. मधल्या वर्षांत तोच निवृत्त नाईक सीताबर्डीच्या एखाद्या दुकानाच्या दारात किंवा बँकेबाहेर सुरक्षारक्षकाचा गणवेश घालून उभा असतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे न पाहता आत जाते. समाजाच्या दृष्टीने तो पुन्हा कचेरीच्या दारातला शिपाई झालेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आदर कमी होण्यास सैन्यातील माणसेही जबाबदार नाहीत काय? २०१० साली मुंबईतील कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीचे प्रकरण गाजले. सदनिकाधारकांच्या यादीत निवृत्त सेनाधिकाऱ्यांची नावे आढळली आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. अशा घटनांनी श्रद्धा डळमळते, हे खरे. पण जी श्रद्धा माणसांना देवत्व देऊन उभी राहते तीच अशी एका प्रकरणाने कोसळते. ज्या समाजाला सैनिक माणूस म्हणून परिचित आहे तो समाज अपराध्याला अपराधी म्हणतो आणि संस्थेचा विवेकाने मान ठेवतो. अपशिंग्यासारख्या गावांतील आदर कोणत्याही बातमीने ढळत नाही, कारण तो घरातल्या माणसाविषयीचा आदर आहे.

आदर ओसरल्याची तक्रार करणारे बहुधा अधिक गौरवाची मागणी करतात. वस्तुतः गौरवाची टंचाई नाही. शब्दांची चलनवाढ झाली आहे. ‘शहीद’ हा शब्द सैन्यदलांच्या अधिकृत परिभाषेत नाही, तरी वृत्तपत्रांत तो सर्रास आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेत चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या तरुणाला पहिल्याच दिवशी ‘अग्निवीर’ हे नाम मिळते. त्यांच्यापैकी फार तर चौथा हिस्सा पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. योजनेच्या लष्करी गुणदोषांचा निर्णय तज्ज्ञांनी करावा. समीक्षकाला दिसते ते एवढेच की, पूर्वी ‘वीर’ ही पदवी कृतीनंतर मिळत असे, आता ती नेमणुकीबरोबर मिळते. आणि सेवेची मुदत मात्र आखूड झाली आहे. शब्द मोठा होत जातो तसतशी त्यामागची जबाबदारी लहान होत जाते.

साहित्य हे भरतीचे केंद्र नाही, स्तुतिपाठाचे पीठही नाही. सैनिकाविषयी चांगले लिहा, असे लेखकाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या माणसाच्या भीतीविषयी, कंटाळ्याविषयी, रजेवर गावी आल्यावर येणाऱ्या परकेपणाविषयी, आज्ञापालनात होणाऱ्या त्याच्या मनाच्या ओढाताणीविषयी आपण काही वाचलेले नाही, त्याच्याविषयीचा आपला आदर हा अनोळखी माणसाला केलेला नमस्कार असतो. तो मनापासून केला तरी त्यात ओळख नसते. कोरेगावच्या शिपायाला वारसांनी वाचले म्हणून तो जगला. सीताबर्डीवर पडलेला अरब, त्याच्याशी लढलेला मद्रासी, कुतला वेढ्यात अडकलेला, सियाचेनवर बोटे गमावलेला आणि आज बँकेच्या दारात उभा असलेला शिपाई अद्याप मराठी वाचकाच्या ओळखीचा व्हायचा आहे. ‘शिपाई’ या शब्दाची गेलेली पत परत मिळवून देणे कोणत्याही शासकीय ठरावाच्या आवाक्यातले नाही. ते काम कादंबरीकाराचे आहे, आणि ते झालेले नाही हे स्पष्टपणे नोंदवणे समीक्षेचे.