मूळ गाणे ठाऊक नसताना

‘द बॅड प्लस’ या अमेरिकी जॅझ-त्रयीची ‘दीज आर द व्हिस्टाज’ (२००३) ही ध्वनिमुद्रिका माझ्या भाच्याने मला आणून दिली. आठवड्याने त्याने विचारले, “मामा, निर्वाणाचे गाणे कसे वाटले?” “त्यात निर्वाणाचे कोणते?” हा माझा प्रतिप्रश्न ऐकून तो मनमुराद हसला.

पियानोवर ईथन आयव्हरसन, बासवर रीड अँडरसन आणि ड्रम्सवर डेव्ह किंग. दहा रचनांपैकी सात या तिघांच्या स्वतःच्या, तीन परक्या. बडोद्यात ख्यालगायकी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्यास त्या तिन्ही मूळ गाण्यांचा गंध नव्हता. सर्व रचना मी एकाच मापाने ऐकल्या. हे अज्ञान उपकारकच ठरले, असे आता वाटते.

कारण या त्रयीचा बोलबाला झाला तो प्रामुख्याने परक्या गाण्यांमुळे. निर्वाणाचे १९९१ सालचे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ विद्युत-गिटारीच्या कल्लोळाविना वाजवणे, ही काही समीक्षकांना थट्टा वाटली. मूळ गाणे मागाहून ऐकूनही मला तीत थट्टा आढळली नाही. धून ते निष्ठेने मांडतात आणि मगच पियानो तिच्याशी झटापट करू लागतो. एफेक्स ट्विनच्या ‘फ्लिम’मधील (१९९७) यंत्रनिर्मित ताल किंग हातांनी ज्या नजाकतीने वाजवतो, ते तर थक्क करणारे आहे. ब्लाँडीचे ‘हार्ट ऑफ ग्लास’ मात्र मोडतोडीच्या हौसेपायी विस्कळीत झाले आहे. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’साठी (१९११) कित्येक चाली पूरबी ठुमरी-कजरीवरून घेतल्या, पण ती पदे ऐकताना मूळ ठुमरी कोणती, असे आपण कुठे विचारतो?

मला सर्वाधिक भावली ती शेवटची रचना, अँडरसनची ‘सायलेन्स इज द क्वेश्चन’. नावाप्रमाणेच ती निःशब्दतेच्या काठावरून सुरू होते. स्वरवाक्य साधेच; ते फारसे बदलत नाही, फक्त दर आवर्तनागणिक त्याचे वजन वाढत जाते. घाई कुठेच नाही. अखेरीस तिन्ही वाद्यांचा असा लोंढा येतो की प्रारंभीचा तो क्षीण स्वर हाच होता, यावर विश्वास बसू नये. विलंबित ख्यालाची बढत ऐकलेल्या कानांना हा संयम ओळखीचा वाटेल. किंगच्या ड्रम्सखाली बास अधूनमधून दबतो, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

पुढे २०१० मध्ये ‘नेव्हर स्टॉप’ ही संपूर्णपणे स्वरचित रचनांची ध्वनिमुद्रिका त्यांनी काढली, तरी त्यांचा विषय निघाला की निर्वाणाचेच नाव पुढे येते. २०१७ च्या अखेरीस आयव्हरसन बाहेर पडला. २०२१ पासून पियानोही गेला आणि गिटार-सॅक्सोफोनसह चौकडी झाली. माझ्या संग्रही ती पहिली तबकडीच आहे, आणि ती मी बहुधा दहाव्या रचनेपासून लावतो.