हशा, लगेच गोळी

कनेरगाव नाक्यावरच्या टपरीत काय किंवा मुंबईच्या थिएटरात काय, ‘कालिया’ म्हटलं की ऐकणाऱ्याला हसू येतं. खरं तर हा माणूस पडद्यावर जेमतेम काही मिनिटं असतो आणि कुत्र्याच्या मौतीनं मरतो. मग हसू कशाचं? रमेश सिप्पींच्या ‘शोले’चं (1975) मर्म या प्रश्नात आहे.

घाट वेस्टर्न सूडपटाचा: उजाड खडक, घोडे, भाड्यानं आणलेले दोन भुरटे, जय आणि वीरू, आणि दोन्ही हात गमावलेला ठाकूर. पटकथाकार सलीम-जावेद यांनी त्यात पेरलेला विनोद मात्र तोंडी लावण्यापुरता नाही.

गब्बरच्या टोळीतले तीन डाकू ठाकूरच्या रामगढहून हात हलवत परत येतात. गब्बर सहापैकी तीन गोळ्या हवेत उडवतो, पिस्तुलाचं चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावतो. तिन्ही वेळा नुसता ‘खट्’. तिघं वाचले! गब्बर हसतो, टोळी हसते. विजू खोटे यांचा कालिया आधी बिचकत, मग सुटल्यासारखा हसतो, आणि त्याच्याबरोबर आपणही. त्याच क्षणी गोळ्या सुटतात. आपण खुन्याच्या विनोदाला दाद देऊन बसलेलो असतो.

सचिन पिळगावकर यांचा अहमद तर मरताना दिसतही नाही. त्याला पकडून आणलंय हे ऐकून गब्बर हातावरची मुंगी सहज चिरडतो. लगेच घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात शिरतो आणि त्याचे आंधळे वडील इमामसाहेब वाट चाचपडत पुढे येतात.

जय उडवतो ते नाणंही असंच. सिनेमाभर आपण ती दोन मित्रांची गंमत समजतो. जय गेल्यावर ते वीरूच्या हाती लागतं, तेव्हा कळतं की दोन्हीकडे छापाच आहे. मरणाची पाळी आपल्यावर घ्यायला जयनं चेष्टेचा आडोसा घेतला होता.

असरानींचा जेलर मात्र सुटा पडतो. तिथल्या हशाची किंमत पुढे कुणालाच मोजावी लागत नाही.

हसू कुठे तोडायचं आणि प्रेत कधी दाखवायचं, हा सगळा कात्रीचा खेळ. ‘शोले’ला त्या वेळी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, आणि तो संकलक एम. एस. शिंदे यांना.