‘दुनिया न माने’ : संगीताचें मौन

प्रभात फिल्म कंपनीचा ‘दुनिया न माने’ हा बोलपट १९३७ सालीं पडद्यावर आला. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो हिंदींत, व ‘कुंकू’ या नांवानें मराठींत, काढला. वृद्ध वकिलाशीं फसवून लग्न लावलेली तरुणी त्याचें पत्नीपण पत्करीत नाहीं, ही त्याची कथा. शांता आपटे यांची तेजस्वी नायिका व केशवराव दाते यांचे काकासाहेब यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो त्यांतील संगीताचा.

आमच्या मसुऱ्याकडे दशावतारी खेळांत पखवाज, पेटी व झांज हीं पात्राची पाठ सोडीत नाहींत. तेथें तें शोभतेंच. देवदानवांच्या संचाराला नाद हवा. परंतु चार भिंतींच्या आड कुढणाऱ्या माणसांमागें अदृश्य वाद्यमेळ कशासाठीं? संगीतकार केशवराव भोळे यांनीं या चित्रांत पार्श्वसंगीत वर्ज्य करून या प्रश्नाचें उत्तर दिलें. घरांतले व रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज तेवढे राहिले. नायिकेला गाण्याची साथ मिळते ती ग्रामोफोनची. फकीर गातो तो रस्त्यावर. परिणाम असा कीं, घड्याळाचा ठोका कानीं पडतांच काकासाहेबांचें सरत चाललेलें वय आपणांस जाणवतें. तेथें सारंगी वाजली असती, तर करुणा उसनी वाटली असती.

हा संयम अकस्मात् आलेला नाहीं. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’नें रंगभूमीवर आणलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचें संगीतही भोळे यांचेंच होतें. पदांची खैरात टाळून प्रसंगाला शोभेल तेवढेंच गाणें ठेवण्याची दृष्टि तेथेंच दिसली होती.

तथापि एका ठिकाणीं आमचें समाधान होत नाहीं. नायिकेच्या तोंडीं लाँगफेलोचें इंग्रजी काव्य घातलें आहे. आम्हीं स्वतः इंग्रजी वाङ्मयावर पोसलेले असूनही म्हणतों कीं, तेथें नायिका मागें सरते व दिग्दर्शकाचा उपदेश पुढें येतो. तिच्या नुसत्या नकारांत जें बळ आहे, तें त्या कर्तव्यगीतांत नाहीं.

याहून मोठा प्रश्न शेवटाचा आहे. काकासाहेब आत्महत्या करून तिला मोकळी करतात. १९३७ सालीं मुंबई इलाख्यांतील हिंदु स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा उपलब्ध नव्हता. तो १९४७ सालीं झाला. म्हणजे तिच्या सुटकेची किंमत पतीचें मरण, आणि तीही त्याच्याच मर्जीनें! हिंदी नांव दोष जगावर ठेवतें. मराठी नांव तिच्या कपाळावरील खुणेकडे बोट दाखवितें. आमच्या मतें मराठी नांवच अधिक निर्भय आहे.

तरीही या शेवटाला जें संगीतानें केलें नाहीं, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. रडावें कीं रागवावें, हें त्यानें प्रेक्षकाला सांगितलें नाहीं. निर्णय ज्याचा त्यानें करावा म्हणून त्याच्या स्वाधीन केला. सामाजिक म्हणविणाऱ्या कलाकृतीकडून याहून मोठा आदर प्रेक्षकानें कोणता मागावा?